भरलेला हंडा

मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत गॅदरिंग तीन आठवड्यांवर आलं होतं. चौथीच्या बाईंनी कोळीगीत बसवायला घेतलं. समुद्र एकाही पोरानं पाहिलेला नव्हता, पण गॅदरिंगला कोळीगीत लागतंच. मागच्या रांगेतली एक मुलगी मात्र सारखी चुकायची. पुढचीचा हात वर गेला की मग हिचा जायचा. चार दिवस बाई तिच्यावर ओरडल्या आणि पाचव्या दिवशी त्यांनी तिला झाड केलं. प्रत्येक गॅदरिंगमध्ये एक झाड असतं, ते असंच उगवतं.

सहाव्या दिवशी लाइट गेली. स्पीकर बंद पडला, पोरांचा कल्ला सुरू झाला. गप्प बसवायचं म्हणून बाई म्हणाल्या, "रिकामा हंडा उचलून दाखवा बरं." सगळ्यांनी उचलला. "आता भरलेला." पोरांनी गाल फुगवले, डोळे वटारले. पुढच्या रांगेतली हुशार मुलगी तर लटपटून पडलीसुद्धा.

झाड झालेली मुलगी आधी खाली बसली. नसलेल्या कापडाची चुंबळ वळून तिनं डोक्यावर ठेवली. हंडा दोन्ही हातांनी गुडघ्यावर घेतला, जरा थांबली, आणि एका हिसक्यात डोक्यावर. मान ताठ, नजर समोर. जे काही हलत होतं ते कमरेखाली. उंबऱ्यापाशी तिनं पायानं आधी जमीन चाचपली. कपाळावर ओघळलेलं पाणी मनगटानं पुसलं. दारात उभ्या असलेल्या बाई वाट द्यायला चटकन बाजूला सरकल्या, आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आलं.

"कुठं शिकलीस गं?"

"शिकले न्हाई बाई. रोज आणते."

रुडॉल्फ लाबान नावाचे एक नृत्यगुरू होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते इंग्लंडमधल्या कारखान्यांत जाऊन कामगार ओझं कसं उचलतात, शरीराला झोका कसा देतात, ते बघत असत. शाळेतल्या नृत्यशिक्षणावर त्यांचं पुस्तक १९४८ साली आलं. वजन, वेळ, जागा आणि ओघ या चार गोष्टी ते हालचालीत शोधत. या मुलीच्या हंड्यात त्या चारही होत्या. गुडघ्यावर थांबली ती वेळ, उंबरा चाचपला ती जागा. बाईंनी लाबानचं नाव ऐकलेलं नव्हतं. पण आपण सहा दिवस पोरांना फक्त आपली पाठ दाखवली, एवढं त्यांना कळलं.

लाइट आली तरी स्पीकर बंदच राहिला. दुसऱ्या दिवशी कुणी सुपानं ज्वारी पाखडली, कुणी भरल्या एसटीत चढलं, एकानं हट्टी म्हैस गोठ्यात ढकलली. म्हैस झालेल्या पोरानं एवढा जोर लावला, की ढकलणारा खराखुरा घामाघूम झाला. मुख्याध्यापकांनी दोनदा येऊन विचारलं, "गाणं कुठंय?" बाईंनी त्यांना ढोलकी आणायला सांगितलं.

पुढच्या रांगेतल्या मुलीची मात्र पंचाईत झाली. हंडा तिला काही केल्या जमेना. शेवटी ती मागच्या रांगेत गेली. "किती मोजायचं गं? चार का आठ?"

"मोजू नको. तुझं पानी सांडलं बघ समदं."

तिनं खाली पाहिलं. फ्रॉक झटकला. मग परत भिंतीपाशी जाऊन बसली आणि आधी चुंबळ वळायला घेतली.