भीतीनें दिलेली संमति

मनुष्यानें तोंडानें ‘होय’ म्हटलें म्हणजे त्याची संमति मिळाली असें व्यवहारांत आपण धरून चालतों. दस्तऐवजावर सही झाली, पंचांसमोर शब्द दिला, मतपेटींत मत पडलें, कीं पुढील विचार संपला. परंतु ज्या क्षणीं तें ‘होय’ उच्चारलें गेलें त्या क्षणीं बोलणाराच्या डोक्यावर काय टांगलेलें होतें हें पाहिल्यावांचून त्या शब्दाची किंमत ठरत नाहीं. हा प्रश्न केवळ तात्त्विक चर्चेचा म्हणून सोडून देण्याजोगा नाहीं. हजारों कुटुंबांचा चरितार्थ त्यावर अवलंबून असतो. अमेरिकेंत २००३ सालीं एका मोठ्या विमान-कंपनीच्या नोकरवर्गापुढें तो फार स्पष्ट रूपानें उभा राहिला, म्हणून तेंच उदाहरण आम्ही येथें विचारास घेत आहों.

टेक्सस संस्थानांत फोर्ट वर्थ येथें मुख्य कचेरी असलेली अमेरिकन एअरलाइन्स ही त्या वेळीं जगांतील सर्वांत मोठी विमान-कंपनी होती. ११ सप्टेंबर २००१ रोजीं ज्या चार विमानांचा शस्त्रासारखा उपयोग करण्यांत आला त्यांपैकीं दोन तिचीं होतीं. त्यानंतर उतारू घटले, स्वस्त भाड्याच्या कंपन्यांची स्पर्धा वाढली, आणि २००२ ह्या एकाच वर्षांत तिच्या मूळ कंपनीस सुमारें ३५० कोटी डॉलरांचा तोटा आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तिची प्रतिस्पर्धी युनायटेड दिवाळ्याच्या न्यायालयांत गेली. पुढील मार्चांत इराकचें युद्ध सुरू झालें. तेव्हां अमेरिकनच्या चालकांनीं नोकरवर्गास सांगितलें कीं, वर्षास १८० कोटी डॉलरांची बचत तुमच्या वेतनांतून व कामाच्या अटींतून झाली नाहीं तर आम्हांस दिवाळ्याचा अर्ज करावा लागेल. त्यांपैकीं ६६ कोटी वैमानिकांनीं सोसावयाचे, ६२ कोटी यंत्र-कारागीर व जमिनीवरील इतर कामकरी यांनीं, आणि ३४ कोटी विमानांतील परिचरांनीं. उरलेला भार संघटनेबाहेरच्या नोकरांवर व व्यवस्थापकांवर होता. वैमानिकांचा पगार एकदम शेंकडा २३ नीं उतरणार होता. एप्रिलच्या मध्यास तिन्ही संघटनांत मतदान झालें. वैमानिकांनीं व कामकऱ्यांनीं मान्यता दिली. परिचरांनीं प्रथम नकार दिला. मग एका दिवसाची मुदत वाढली, मत फिरविण्याची मोकळीक मिळाली, आणि थोडक्या मतांनीं नकाराचा होकार झाला.

ह्या होकारास खरी संमति म्हणावयाचें काय? गळ्याशीं सुरी धरून घेतलेली सही जशी, तसेंच दिवाळ्याच्या धाकानें घेतलेलें मत, हें उत्तर चटकन सुचतें. आम्हांस तें घाईचें वाटतें. अ‍ॅरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागांत वादळांत सांपडलेल्या जहाजाचें उदाहरण घेतलें आहे. जहाज वांचावें म्हणून माल समुद्रांत फेंकून दिला जातो. एरवीं आपला माल कोणी आपण होऊन फेंकीत नाहीं. परंतु त्या प्रसंगीं कोणताही शहाणा मनुष्य तेंच करील. म्हणून अशीं कृत्यें मिश्र स्वरूपाचीं असलीं तरी स्वेच्छेच्या कृत्यांकडेच अधिक झुकतात, असा त्याचा निर्णय आहे. हॉब्स ह्याच्याही पुढें जातो. भीतीपोटीं केलेला करारही बंधनकारकच, असें त्याचें मत. चोरास खंडणी कबूल करून कोणी आपली सुटका करून घेतली असेल, तर कायदा आड येईपर्यंत ती देखील दिली पाहिजे, असें म्हणण्यापर्यंत त्याची मजल गेली आहे. वर्गांत हा भाग शिकवितांना अगदीं मागच्या बांकावरचे विद्यार्थीही जागे होतात, आणि बहुतेक सर्व हॉब्सच्या विरुद्ध असतात.

आम्हीही त्यांच्याच बाजूचे आहों. वादळ आणि वाटमाऱ्या ह्या दोघांपुढें मनुष्य सारखाच हतबल होत असेल. पण वादळाला आपल्या मालाचा लोभ नसतो. वादळापुढें नमणारा परिस्थितीपुढें नमतो, वाटमाऱ्यापुढें नमणारा दुसऱ्या मनुष्याच्या इच्छेपुढें. पहिल्यांत नुकसान आहे. दुसऱ्यांत नुकसानाखेरीज मानहानिही आहे. तेव्हां विचारावयाचें तें हें, कीं दिवाळ्याची भीति दाखविणें हें वादळाची वर्दी देणें आहे, कीं वाट अडविणें?

अमेरिकेंतील कायद्यामुळें ह्याचें उत्तर अवघड झालें आहे. दिवाळें म्हटलें म्हणजे पेढी बसली, दारास कुलूप लागलें आणि धनको ओट्यावर येऊन बसले, असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें येतें. तेथील कायद्याच्या अकराव्या प्रकरणाखालीं तसें घडत नाहीं. कंपनी चालूच राहते, विमानें उडतच राहतात, बहुधा जुनेच चालक कारभार पाहतात, आणि न्यायालयाच्या छत्राखालीं जुनीं देणीं व जुने करार नव्यानें ठरविले जातात. १९८३ सालीं कॉन्टिनेन्टल ह्या विमान-कंपनीचे सूत्रधार फ्रँक लोरेन्झो यांनीं ह्याच मार्गानें कामगारांशीं झालेले करार मोडले व वेतन जवळजवळ निम्म्यावर आणलें. त्यावर मोठा गहजब झाला, आणि १९८४ सालीं अमेरिकन काँग्रेसनें कायद्यांत नवें कलम घातलें. करार मोडण्यापूर्वीं मालकानें संघटनेस जरूर ती माहिती दिली पाहिजे, प्रामाणिकपणें वाटाघाट केली पाहिजे, सर्वांस न्यायानें वागविलें पाहिजे, आणि एवढें करून न्यायाधीशाची परवानगी मिळविली पाहिजे. म्हणजे वादळ खरें असलें तरी जहाज त्यांत केव्हां घालावयाचें हें कांहीं अंशीं नाखव्याच्या हातीं असतें, असा हा प्रकार आहे. २००३ चें वादळ खोटें होतें असें मात्र कोणासही म्हणतां येणार नाहीं. ३५० कोटींचा तोटा कोणी हौसेनें करून घेत नाहीं. येथवर पाहिलें तर कामगारांचें मत हें अ‍ॅरिस्टॉटलच्या जहाजावरील माणसांच्या कृतीसारखेंच होतें असें आम्ही म्हणूं.

पण मतदानाच्या वेळीं त्यांस एक गोष्ट ठाऊक नव्हती. मतदानाची मूळ मुदत १५ एप्रिल ही होती. त्याच दिवशीं कंपनीनें रोखे-बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाकडे आपला वार्षिक अहवाल पाठविला. मागील वर्षींच कंपनीनें निवडक वरिष्ठ अधिकाऱ्यांस, ते २००५ च्या जानेवारीपर्यंत टिकून राहिल्यास, वार्षिक पगाराच्या दुप्पट रक्कम देण्याचें ठरविलें होतें, असें त्यावरून दिसून आलें. शिवाय ४५ अधिकाऱ्यांच्या पेन्शनींतील कांहीं भाग दिवाळ्यांतही सुरक्षित राहावा म्हणून एका निराळ्या विश्वस्त-निधींत ४ कोटी १० लाख डॉलर भरण्यांत आले होते. ही बातमी नोकरवर्गाच्या कानीं जाईपर्यंत मतें देऊन झालीं होतीं. मग जो क्षोभ उसळला त्यापुढें मुख्य चालक डोनाल्ड कार्टी यांस क्षमा मागावी लागली, बक्षिसांची योजना रद्द झाली, मात्र पेन्शनचा निधि तसाच राहिला. आणि संघटनांनीं फेरविचाराची भाषा काढतांच २४ एप्रिल रोजीं कार्टी यांनीं राजीनामा दिला. करारांच्या कांहीं अटी सौम्य होऊन ते अखेर अमलांत आले.

चालकांच्या बाजूनें जें बोलतां येईल तें बोललें पाहिजे. हुशार अधिकारी पडत्या काळांत सोडून गेले तर उरलेली कंपनीही बुडेल. पेन्शन हें बक्षीस नव्हे, केलेल्या नोकरीचें देणें आहे. आणि १८० कोटींपुढें ४ कोटी १० लाख म्हणजे शेंकडा अडीचाहूनही कमी. हे तिन्ही मुद्दे आम्हांस खोटे वाटत नाहींत. पण ह्यांतील पहिले दोन कामगारांसही जसेच्या तसे लागू पडत होते, हें ते मांडणारांच्या ध्यानांत कसें आलें नाहीं, याचें नवल वाटतें. कुशल यंत्र-कारागीरही सोडून जाऊं शकतो, आणि त्याची पेन्शन हेंही केलेल्या नोकरीचेंच देणें असतें. दिवाळ्यांत तिचें काय होतें हें पुढें युनायटेडच्या नोकरांनीं पाहिलें: २००५ सालीं तिच्या पेन्शन-योजना सरकारी विमा-महामंडळाच्या गळ्यांत पडल्या आणि अनेकांस ठरल्यापेक्षां कमी मिळूं लागलें.

राहिला रकमेचा मुद्दा. आपल्याकडील एकत्र कुटुंबांचें उदाहरण घ्या. घर कर्जांत बुडालें म्हणजे कर्ता पुरुष सुनांचे दागिने मागतो. त्या रडतात, पण काढून देतात. कारण घर राहिलें तर आपण राहूं हें त्यांस कळतें. पुढें एखाद्या दिवशीं कर्त्याच्या उशाखालीं मोहरांची लहानशी थैली सांपडली, तर त्या मोहरांनीं कर्ज फिटलें असतें काय हा हिशेब कोणतीही सून करीत बसणार नाहीं. दागिने गेले त्याचें दुःख ती केव्हांच गिळून बसलेली असते. आपण ज्यांत भागीदार आहों असें समजत होतों त्या संकटांत मागणारा स्वतः नव्हताच, हें तिला त्या थैलीवरून कळतें.

सर्वस्व जाण्याची वेळ आली असतां शहाणा मनुष्य अर्धें टाकून अर्धें राखतो, असें आपलें एक जुनें सुभाषित सांगतें. व्यापारी, कारभारी, मुत्सद्दी सर्वांच्या तोंडीं तें असतें. त्यांतील शहाणा मनुष्य स्वतःचें अर्धें टाकतो, एवढी गोष्ट मात्र ते सोयीनें विसरतात. दुसऱ्याचें अर्धें टाकण्यास फारसें शहाणपण लागत नाहीं.

आतां असें कोणी विचारील कीं, चालकांनीं खोटें तर कांहीं सांगितलें नाहीं. ते केवळ बोलले नाहींत. आपल्या १८७२ च्या कराराच्या कायद्यानेंही नुसत्या मौनास कपट म्हटलेलें नाहीं. तें खरें, परंतु त्याच कलमांत पुढें अपवाद आहे कीं, परिस्थितीच अशी असेल कीं बोलणें हेंच कर्तव्य ठरतें, तर तें मौन निराळें. अमेरिकेंतील व्यवहारास आपला कायदा लावण्याचा आमचा मानस नाहीं. त्यामागील नीतितत्त्व मात्र कोठेंही लागू पडावें. जो मनुष्य दुसऱ्याजवळ त्यागाची याचना करतो, आणि ती ‘आपण सर्व एकाच जहाजांत आहों’ ह्या आधारावर करतो, त्याचें बोलण्याचें कर्तव्य त्या याचनेंतच उत्पन्न होतें. होड्यांपैकीं एक होडी त्यानें आपल्यापुरती बांधून ठेवली असेल तर तें त्यानें माल फेंकला जाण्यापूर्वीं सांगितलें पाहिजे. न सांगितल्यास वादळ खरें असूनही तो स्वतः वाटमाऱ्याच्या जागीं जाऊन उभा राहतो. म्हणून २००३ च्या त्या मतदानांत भीतीनें संमति दूषित झाली नाहीं, लपवालपवीनें झाली, असें आमचें मत आहे.

ज्या परिचरांनीं पहिल्या दिवशीं नकार देऊन दुसऱ्या दिवशीं मत फिरविलें त्यांस डळमळीत म्हणून हिणविणें सोपें आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. तीस वर्षें नोकरी केलेलीस पेन्शनची काळजी, नुकत्या लागलेलीस नोकरीचीच. अशा माणसांनीं एका रात्रींत पुन्हां विचार केला यांत लाजिरवाणें कांहीं नाहीं. त्यांच्या होकारामुळें कंपनी त्या वेळीं दिवाळ्यावांचून तरली, आणि त्यांची पेन्शन युनायटेडप्रमाणें बुडाली नाहीं, हेंही त्यांच्या पदरीं घातलें पाहिजे.

कंपनी मात्र कायमची वांचली नाहीं. मधल्या वर्षांत व्यवस्थापकांस समभागांच्या रूपानें मोठालीं बक्षिसें मिळालीं आणि जुनी जखम पुन्हां उघडली. २९ नोव्हेंबर २०११ रोजीं तिनें दिवाळ्याचा अर्ज केलाच. पुन्हां सवलतींची मागणी झाली, पुन्हां मतदान झालें. २०१२ च्या ऑगस्टांत वैमानिकांनीं पुढें केलेला करार साफ फेटाळला. सप्टेंबरांत न्यायाधीशानें त्यांचा जुना करार मोडण्यास कंपनीस परवानगी दिली. आणि डिसेंबरांत त्याच वैमानिकांनीं दुसऱ्या मसुद्यास मोठ्या बहुमतानें मान्यता दिली. ह्या खेपेस तिन्ही संघटनांचे प्रतिनिधि धनकोंच्या अधिकृत समितींत बसलेले होते, कंपनीचे हिशेब त्यांच्यापुढें मांडले गेले होते, आणि सोसलेल्या नुकसानाबद्दल वैमानिकांस नव्या कंपनीच्या भांडवलांत वांटा मिळावयाचा होता.