बिल्ला आणि बाण

अंदमानात बदली झाली की मराठी माणूस सामानाबरोबर आपल्या मनातील अंदमानही घेऊन येतो. ‘माझी जन्मठेप’ कोवळ्या वयात वाचलेली असते. त्यामुळे सेल्युलर जेलच्या दारात पाय ठेवण्यापूर्वीच तेथील कोठड्या, कोलू आणि काथ्याचे छिलके आपल्या परिचयाचे झालेले असतात. मीही असाच आलो. पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम्) रुजू झाल्यावर पहिल्याच रविवारी तुरुंग पाहिला, आणि माझे चित्त अडकले ते कैद्याच्या गळ्यातील बिल्ल्यापाशी.

वस्तू अगदी क्षुल्लक. त्या बिल्ल्यावर कैद्याचा क्रमांक, कायद्याचे कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख एवढाच मजकूर असे. सावरकरांच्या बिल्ल्यावर सुटकेचे साल होते १९६०. मी व्यवसायाने कारकून. माणसाचे अवघे आयुष्य चार रकान्यांत बसवणे हे माझे रोजचे काम. तो बिल्ला पाहताना मला माझी सेवापुस्तिका आठवली. तीतही क्रमांक आहे, रुजू होण्याची तारीख आहे आणि सुटकेचीही आहे. या विनोदावर मी मनाशी हसलो आणि काहीशा अभिमानाने, काहीशा करुणेने घरी परतलो.

पुढे काही महिन्यांनी त्याच शहरातील मानवशास्त्रीय संग्रहालय पाहण्याचा योग आला. तेथे या बेटांतील आदिवासींची धनुष्ये, टोपल्या, होड्या, झाडाच्या सालीची उरस्त्राणे मांडलेली आहेत. एका बाणाच्या लोखंडी टोकापाशी मी थांबलो. या लोकांस धातू गाळण्याची विद्या अवगत नव्हती. किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांचे लोखंड ते दगडावर घासून वापरीत, आणि पुढे वसाहतीतूनही मिळेल तसे मिळवीत. म्हणजे बाहेरच्या जगाशी आलेला संबंधच त्या बाणाच्या टोकावर चढलेला होता. तेव्हा एक साधा प्रश्न मनात आला: बिल्ला एका इमारतीत आणि बाण दुसऱ्या इमारतीत, असे का?

कारण इतिहासात ते दोन्ही एकाच जागी होते. १० मार्च १८५८ रोजी डॉ. वॉकर दोनशे बंदी घेऊन येथे उतरला. त्यांनी जंगल तोडले, रस्ते केले, घरे बांधली. ते जंगल ग्रेट अंदमानी जमातींचे होते. एप्रिल १८५९ मध्ये त्या लोकांनी जंगल तोडणाऱ्या टोळ्यांवर हल्ला केला. त्या हल्ल्याविषयी तत्कालीन इतिवृत्तात एक विलक्षण नोंद आहे. ज्यांच्या पायांत बेड्या होत्या त्यांना हल्लेखोरांनी इजा केली नाही. त्यांचा रोख होता तो देखरेख करणाऱ्या मुकादम-कैद्यांवर. ज्यांना आपण रानटी म्हणत आलो, त्यांना बेडीचा अर्थ कळला होता!

परंतु बेडीवाल्यांना बाणाचा अर्थ कळला काय? दूधनाथ तिवारी नावाचा एक शिपाई सत्तावनच्या उठावापायी येथे आला आणि थोड्याच दिवसांत पळाला. अंदमानी लोकांनी त्याच्या सोबत्यांपैकी बहुतेकांना मारले, पण जखमी दूधनाथास जिवंत ठेवले. वर्षभर तो त्यांच्यात राहिला. त्याने तेथे संसारही मांडला. १७ मे १८५९ रोजी ते लोक ॲबरडीनवर चालून येणार असे कळताच त्याने वसाहतीत येऊन ती वर्दी दिली. तोफा-बंदुकांपुढे बाणांचे काय चालणार? दूधनाथास माफी मिळाली. ज्या सरकारविरुद्ध त्याने शस्त्र उचलले होते, त्याच सरकारने त्याला घरी पाठवले. पुढे १८७७ ची गोवराची साथ आली, इतर रोग आले, दारू आली. कधीकाळी हजारोंनी मोजावेत असे ते लोक १९०१ च्या जनगणनेत ६२५ उरले आणि १९६१ मध्ये अवघे १९. बो भाषा बोलणारी शेवटची स्त्री २०१० मध्ये वारली. तिच्याबरोबर ती भाषाही गेली.

आता प्रश्न असा की, ज्याच्यावर अन्याय झाला आहे तो माणूस त्याच क्षणी दुसऱ्यावरील अन्यायाचे साधन होऊ शकतो काय? आणि झाला, तर त्यास दोष द्यावा काय?

दोष देऊ नये, हे उत्तर सोपे आहे. कैदी आपखुषीने आला नव्हता. त्याने कुऱ्हाड उचलली नसती तर पाठीवर फटके बसले असते. त्याच्यानंतर १९४९ पासून पूर्व बंगालची निर्वासित कुटुंबे येथे वसवली गेली. घरदार गमावलेल्या माणसाने मिळालेल्या जमिनीवर झोपडी उभारली, तर त्याला कोणत्या तोंडाने बोल लावावा? हे सर्व मला मान्य आहे. पण आपल्या परंपरेने दोष आणि ऋण यांत भेद केला आहे. पितृऋण आपण काही गुन्हा केला म्हणून चढत नाही; ते जन्मतःच असते, आणि ‘मी कुठे मागितले होते?’ असे म्हटल्याने फिटत नाही. दुःखाने माणूस निर्दोष ठरत असेल, अनृणी ठरत नाही.

हे लिहिताना मी स्वतःस बाजूस ठेवू शकत नाही. संग्रहालय पाहिल्यानंतरच्या आठवड्यात एका जागेसंबंधीची टिपणी माझ्याकडे आली. नेहमीच्या सवयीने मी लिहिले, “सदर जागा मोकळी पडून आहे.” आणि लेखणी थांबली. मोकळी, म्हणजे कोणाच्या दृष्टीने मोकळी? मोजणीत घर नव्हते, सात-बारासारखा कागद नव्हता, हे खरे. पण या बेटांवर कागद आला तोच मुळी बिल्ल्याबरोबर! ज्यांच्याकडे बाण होते त्यांच्याकडे कागद कोठून असणार?

मी त्या जागी “सध्या तेथे बांधकाम नाही” असे लिहिले. वरिष्ठांनी ते वाचले, माझ्याकडे पाहिले आणि स्वहस्ते पुन्हा “मोकळी” असा शब्द घातला. त्यांचा स्वभाव दुष्ट नाही. नमुन्यात तोच शब्द आहे. मी वाद घातला नाही. घालावयास हवा होता काय, हे मी अजून स्वतःस विचारतो. १९५६ च्या विनियमाने आदिवासींसाठी भूमी राखली गेली आहे. म्हणजे कागदही कधी कधी ऋण ओळखतो. तो कागदही कोणा कारकुनानेच लिहून काढला असेल, या विचाराने थोडा धीर येतो.

वाचकहो, आपण सारे बदलीवरची माणसे. कोणी बस्तरात, कोणी अरुणाचलात, कोणी कच्छात. परक्या मुलखात आपण आपला गणपती बसवतो, मंडळ काढतो, आणि दूर पडल्याचे दुःख परस्परांस सांगतो. ते दुःख खोटे नाही. पण त्या दुःखाच्या भरात, आपण जेथे राहतो तेथे आपल्याआधी कोण होते, हे विचारण्याचे राहून जाते. माझ्या हाती असते तर मी तो बिल्ला आणि तो बाण एकाच कपाटात, एकाच काचेखाली ठेवला असता. ते हाती नाही. म्हणून घरी कोणी पाहुणा आला की, मी त्याला एकाच दिवशी दोन्ही संग्रहालये दाखवतो. सकाळी बिल्ला, दुपारी बाण. दोहोंमधील रस्ता आम्ही बहुधा न बोलता चालतो.