सशातला स

वीस वर्षं नोटा हाताळल्या की माणसाला एक खोड लागते. समोर नोट असो वा माणूस, खरा की खोटा हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. नोट उजेडाला धरता येते; माणूस मी ‘श’ला धरून पाहत असे. ‘शाळा’ म्हणणाऱ्याला ‘बसा’, ‘साळा’ म्हणणाऱ्याला ‘थांबा’!

जूनमध्ये नेवाशाकडचे एक बाबा नातीच्या ‘साळं’साठी पैसे काढायला आले. मी म्हणालो, “बाबा, शाळा म्हणा. शेंडीफोड्या श!”

“तसं म्हनलं तर जास्ती मिळत्याल का, सायेब?”

“पैशाचा प्रश्न नाही हो.”

“पैस्याचा नाय, मंग अडलंय कुठं?”

जिथे 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या नेवाशाच्या माणसाला मराठी शिकवायला निघालो मी!

त्या रात्री झोप उडाली. ‘पैसा’त स, मग माझ्या ‘पैशाचा’त श कुठून आला? मासा-माशाला, ससा-सशाला. मास्तरांनी घोकून घेतलेल्या ‘सशातला स’मध्येसुद्धा श बसलेला! बाबा मात्र ‘पैस्याचा’ म्हणून स ला जागले. आणि पोटफोड्या ष? लिहितात सगळे, उच्चारतो कोण? तुमचा-माझा ‘षट्कोन’ शेंडीफोड्यानेच सुरू होतो. म्हणजे वहीत तीन, शिल्लक दोन. अफरातफर आमचीच! मराठीची आजी महाराष्ट्री प्राकृत, तिचा संसार तर एका स वरच झाला.

पोलिश भाषेत तीन सकार वेगळे ऐकू येतात. पण तिथल्या माझोव्हियाच्या खेडवळ बोलीत ‘श’चा ‘स’ होतो आणि शहरी लोक हसतात. म्हणजे काउंटर तिथेही आहेच. बायबलात तर यार्देन नदीच्या उतारावर पळणाऱ्याला ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावत. ‘सिब्बोलेथ’ म्हणाला की ठार! त्या वेळी 42,000 माणसं मेली. माझं हत्यार नुसतं हसणं, एवढाच फरक.

अडलंय कुठं, ते मला ठाऊक होतं. माझे वडील ‘साळा’च म्हणत. त्या एका स वर त्यांनी मला बी. कॉम. केलं. एकदा ते बँकेत आले, तेव्हा मी साहेबांना सांगितलं, “गावाकडचे ओळखीचे आहेत.” वडिलांनी ते ऐकलं आणि “भाईर थांबतो” म्हणून पायरीवर जाऊन बसले. त्यांना ‘बसा’ म्हणायचं राहूनच गेलं.

दिवाळीनंतर बाबा पुन्हा आले. मी उठून खुर्ची दिली. “बसा बाबा. नातीची साळा काय म्हणते?”

बाबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, “शाळा म्हना, सायेब. नात हसती.”