हमी देणारा आणि निवाडा करणारा

मोटार मागें घेतांना अडथळ्याची सूचना देणारे पार्किंग सेन्सर भारतांत १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींस सक्तीचे झाले. मनुष्यास ऐकूं न येणारा ध्वनि सोडून त्याचा प्रतिध्वनि किती वेळानें येतो, यावरून ते अंतर ओळखतात.

आमच्या मोटारीचा असा एक सेन्सर हमीच्या मुदतींतच मुका झाला. 'आंत पाणी शिरलें. हें बाह्य कारण, हमींत बसत नाहीं,' असा निवाडा दुरुस्तीगृहानें दिला. जी वस्तु पावसाचिखलांत राहण्यासाठींच बसविली, तिला पाणी हें बाह्य कारण कसें?

प्रश्न पैशाचा थोडा, न्यायाचा अधिक आहे. वचन देणाराच तें मोडलें कीं नाहीं हें ठरवूं लागला, तर वचनाला अर्थ काय उरला? २०१९ च्या कायद्यानें जिल्हा ग्राहक आयोगाची वाट मोकळी आहे. पण एवढ्याशा वस्तूसाठीं ती चालणारे थोडे, आणि हें नकार देणारा जाणून असतो.

तथापि दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. 'बंपरास कधीं धक्का लागला होता काय?' या प्रश्नाशीं आम्ही क्षणभर अडखळलों. लागला होता, दुसऱ्या टोकाला, पण लागला होता. तें आम्हीं सांगितलें. प्रामाणिकपणाची हमी दोन्ही पक्षांनीं द्यावयाची असते.

आमचें म्हणणें इतकेंच, कीं आधीं दुरुस्ती व्हावी, मग खर्चाचा वाद. मोटारीमागें खेळणाऱ्या लेंकरास दोष कोणाचा होता याच्याशीं कांहीं कर्तव्य नसतें.