मोकळ्या जमिनीचे मोल कोणी द्यावे?

जमीन मोकळी राखण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च करावा काय, हा प्रश्न चलथाणात बसून विचारला तर प्रथम काहीसा विचित्र वाटतो. येथे एका अंगाला सहकारी साखर कारखाना आणि उसाचे मळे, दुसऱ्या अंगाला राष्ट्रीय महामार्ग, कडोदरा-पलसाण्यापर्यंत पसरलेल्या कापडगिरण्या. आणि मधून तापी खोऱ्याचा तो लोहमार्ग, ज्यावरून आम्हां खानदेशी मंडळींपैकी अनेकांचे वाडवडील नंदुरबार-अमळनेराकडून इकडे आले. काहीच न पिकवणारी जमीन राखावी आणि त्यासाठी वर पैसेही मोजावेत, हे गुंठा गुंठा जोडणाऱ्याला पटणे कठीणच.

परंतु ज्याच्या घराला अंगण आहे त्याला मैदानाची उणीव भासत नाही. एका खोलीत पाच माणसे राहतात, तेथे अंगण म्हणजे गावाची मोकळी जागा. म्हणून अशी जागा ही चैन नसून भूमिहीनाच्या वाट्याला येऊ शकणारी जवळजवळ एकमेव जमीन आहे, असे आम्ही मानतो. एवढे मान्य केले की खर्च करावा की नाही हा वाद फारसा उरत नाही. तो कोणाकडून घ्यावा, हा उरतो.

अमेरिकेने १९६४ साली कायदा करून जमीन व जलसंवर्धनासाठी एक निधी उभारला. त्याचा मोठा आधार म्हणजे समुद्रातील तेल आणि वायू यांवरील स्वामित्वधन. एकदा जाळले की न परतणारे धन सर्वांचे होते. तेव्हा त्यातील काही भाग सर्वांसाठी टिकून राहील अशा जमिनीत घालावा, हा त्यामागील विचार. वर्षाला नव्वद कोटी डॉलरची मर्यादा असूनही अनेक दशके त्यातील मोठा हिस्सा इतरत्र वळवला गेला, आणि पूर्ण रक्कम दरवर्षी मिळण्याची कायमची तरतूद व्हायला २०२० साल उजाडावे लागले. आपल्या हजिऱ्यालाही समुद्रातला वायू किनाऱ्याला लागतो. त्यावरचे स्वामित्वधन केंद्राच्या तिजोरीत जाते. सुरत जिल्ह्यातल्या एखाद्या मैदानाशी त्याचे नाते जोडावे, असे कोणाला सुचल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आपल्याकडे जवळचे उदाहरण म्हणजे पर्यायी वनीकरणाचा निधी. त्याचा कायदा २०१६ चा. २०१९ साली सत्तेचाळीस हजार कोटींहून अधिक रुपये राज्यांना देण्यात आले. रक्कम लहान नाही. पण येथे पैसा भरल्याने जंगल तोडण्याची वाट मोकळी होते, आणि तोडलेल्या जंगलाचा शेजारी व नव्या रोपांचा शेजारी हे बहुधा वेगवेगळे असतात. परतफेड आणि परवानगीची किंमत या एकच गोष्टी नव्हेत.

गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्याची वाट आम्हांला अधिक न्याय्य वाटते. योजनेत प्रत्येक जमीनमालक आपल्या जमिनीचा काही भाग सोडतो, उरलेल्या भागाची किंमत वाढते, आणि बागा, क्रीडांगणे व मोकळ्या जागा यांसाठी पाच टक्क्यांचे प्रमाण कायद्यातच लिहिलेले आहे. ज्याचा लाभ होतो तोच देतो. मात्र नकाशावर हिरवा रंग भरल्याने मैदान होत नाही. झाडांना पाणी घालणारा, कचरा उचलणारा माणूस लागतो, आणि त्याचा पगार दरसाल सार्वजनिक पैशांतूनच द्यावा लागतो.

खरी अडचण याच्याही पुढे आहे. दिवाळीनंतर डांग, धुळे, नंदुरबारकडून ऊसतोडीच्या टोळ्या दक्षिण गुजरातेत येतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत गावाबाहेरच्या मोकळ्या जागांवर पडाव टाकून राहतात. अशी जागा ‘राखायची’ म्हणजे कुंपण घालून, फाटकाला वेळापत्रक लावून या माणसांना हटवायचे काय? सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपालसिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यास सांगितले, आणि ते योग्यच होते. त्याच निकालात भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती यांना सरकारी अधिसूचनेने दिलेले पट्टे अपवादात्मक म्हणून मान्य केले आहेत. पण सहा महिन्यांसाठी आलेल्याकडे पट्टा कोठून असणार?

येथे आम्ही स्वतःला बाजूला ठेवू शकत नाही. सकाळी फिरायला जाताना वाटेतला पडाव आम्हांलाही नकोसा वाटतो. धूर, उघड्यावरची घाण यांविषयी कुरकुर आम्हीच करतो. याच लोहमार्गाने आलेल्यांच्या नातवंडांनी ती करावी, हे जरा चमत्कारिकच आहे.

म्हणून मैदानासाठी सार्वजनिक पैसा द्यावाच, पण पडावाच्या जागेचे पाणी, शौचालये आणि मुलांची शाळा त्याच अंदाजपत्रकात असावीत, आणि ती होईपर्यंत कुंपण घालू नये, असे आमचे मत आहे. यामुळे चार-सहा महिने गावाच्या मुलांना निम्मेच मैदान मिळेल. ही तक्रार खरी आहे आणि ती मांडणाऱ्या आई-बापांना आम्ही स्वार्थी म्हणणार नाही. तरी त्यांची मुले संध्याकाळी घरी जातात. पडावातल्या मुलांना त्या जागेखेरीज दुसरे घर त्या हंगामात नसते.