पात्याला दिलेलं पाणी

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मातीचा, सोन्याचा आणि शेवटी नखं काढायच्या नहरणीचा दाखला देतो. एक नहरणी कळली की लोखंडाचं सारं कळलं. नाव-रूप बोलण्यापुरतं, खरं ते लोखंड. मी लोहाराची मुलगी. एम.ए.ला हे शिकताना घरचं काही ग्रंथात भेटल्याचा आनंद झाला, आणि लगेच हरकतही सुचली.

बाबा विळीचं पातं मोडक्या ट्रकच्या कमानीतल्या पट्टीतून काढत. भाता मी चालवायची. घणाखाली पट्टीला बाक आला की गिऱ्हाइकाला वाटे, झाली विळी. पण खरं काम पुढेच असे. पातं लाल तापवून बाबा पाण्यात बुडवत, मग पुन्हा हलकं शेकत. घासलेल्या धारेवर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग निळा रंग सरकत येतो. नेमक्या जागी थांबायचं. लवकर थांबलं तर धारेचे तुकडे उडतात, उशीर झाला तर ती सुरणावरच बसते.

पाणी देण्याआधी आणि नंतर लोखंड तेच, आकार तोच, नावही तेच. मग हा फरक ठेवायचा कुठे?

अद्वैती म्हणतील, दाखला ब्रह्म कळावं म्हणून आहे, लोहारकी शिकवायला नाही. मान्य. पण दाखल्यातली वस्तू तरी नीट पाहावी. नैयायिक मला जवळचे वाटतात: कार्य कारणात आधी नसतं, नव्यानं उपजतं. तरी तेही घड्याच्या दाखल्यात कुंभाराला निमित्तकारण म्हणून बाजूला काढतात. कुंभार गेला तरी घडा राहतो ना! बाबा गेले, विळी राहिली, हे खरंच. पण त्यांचं ते नेमकं थांबणं पात्यात उतरलं आहे, रोज कांदा चिरताना तेच कामाला येतं. त्याला नुसतं निमित्त म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

खंडेनवमीला बाबा ऐरण, घण, सांडशीला हळदकुंकू वाहत. भंगाराच्या ढिगाला नाही, उद्याच्या विळ्या त्यातूनच निघणार असल्या तरी. सुताराकडेही फूल वाकस-पटाशीला, फणसाच्या फळीला नाही. खरं ते फक्त द्रव्य असतं, तर पहिला मान ढिगाचा होता.

कारखान्यातल्या पात्यालाही मी हेच लावते. पोलाद किती तापवायचं, कुठे थांबायचं, हे तिथेही कुणीतरी जाणून ठरवलेलं असतं. म्हणून खंडेनवमीला दुकानातून आणलेल्या विळीलाही मी कुंकू लावते.