‘कंडोन’ आणि क्षमा



बँकेत बत्तीस वर्षे खाती लिहिली. माफीचे इंग्रजी शब्द पुष्कळ हाताखालून गेले. ‘वेव्ह’ म्हणजे आपला हक्क सोडणे. ‘राईट ऑफ’ म्हणजे मात्र सोडणे नव्हेच. बुडीत कर्ज बँक ताळेबंदातून काढते, पण कर्जदार सुटत नाही, वसुली चालूच राहते. तिसरा ‘कंडोन’. अपिलाला उशीर झाला तर 1963 च्या मुदत कायद्याच्या कलम 5 खाली तो ‘कंडोन’ करून मागता येतो, पण सबळ कारण दाखवावे लागते. बोलण्यात मात्र अर्थ असा, की चूक दिसली तरी चालवून घेणे.

या शब्दाच्या लॅटिन मुळात ‘दान’ आहे. आपल्या ‘माफ’च्या अरबी मुळात पुसून टाकणे. आणि क्षमा? ‘क्षम्’ म्हणजे सोसणे. अवधूतांच्या चोवीस गुरूंत पहिली पृथ्वी, ती याचसाठी. जमीन नांगर सोसते, पण नांगर लागलाच नाही असे ती म्हणत नाही.

टेंबे स्वामी महाराजांचा एक चातुर्मास आपल्या पवनीला वैनगंगेकाठी झाला. त्यांची करुणात्रिपदी आपण नेहमी म्हणतो. जरा लक्ष देऊन म्हणा. भक्त कबूल करतो की अपराध झाला, दंड केलास तर तो योग्यच. आणि शांत हो म्हणून विनवतो. ‘चालवून घे’ असे त्यात कुठेच नाही.

2008 ची केंद्राची कर्जमाफी आठवत असेल. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांचे थकीत शेतीकर्ज पूर्ण माफ. त्यावर जमीन असेल तर 75 टक्के भरा, 25 टक्के सूट. आपल्याकडे धानाचे बांधच लहान, त्यामुळे शाखेत गर्दी. एक म्हातारे काउंटरवर हात जोडून म्हणाले, “तुमी माफ केलं जी, लय उपकार झाले.” मी म्हटलं, “बाबाजी, पैसा सरकारचा. मी फक्त एन्ट्री मारली.”

ज्याचे येणे त्यानेच सोडावे, हे बँकेत शिपायालाही कळते. घरात कळत नाही. मुलगा म्हाताऱ्या आईला शिव्या घालतो, जावई लेकीवर हात टाकतो, आणि बैठकीत आपण वडीलधारेच म्हणतो, “जाऊ द्या, मोठ्या मनानं घ्या.” मार तिने खाल्ला, माफ आपण केला! हे येणे आपल्या खात्यावरचे नव्हतेच.

कायदा आपल्यापेक्षा शहाणा निघाला. हिंदू विवाह कायद्यात (1955, कलम 23) छळ ‘कंडोन’ केला का, हे ज्याने सोसले त्याच्याबद्दलच विचारतात. काका-मामांचे मत धरत नाहीत. 1975 साली एका मराठी दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की अशा माफीत एक अट गृहीतच असते: पुन्हा तसे व्हायचे नाही. झाले, तर जुना अपराधही जिवंत होतो. आपल्या ‘जाऊ द्या’ला अशी कोणती अट असते?

गेल्या चैत्रात आमच्या वॉर्डातल्या अशाच एका बैठकीत चहा येऊन सगळे उठायच्या बेतात होते. तेव्हा दाराआडून ती लेक पुढे आली आणि म्हणाली, “बाबाजी, मले तं कोणी इचारलंच नाही.” चहा तसाच निवला. बैठक पुन्हा बसली, ती दिवेलागणीपर्यंत.